फराळाची यादी, ओळ एकतीस

६ ऑक्टो., सोमवार

सकाळी ऑफिसात माझं ते वार्षिक प्रवचन. ऑनलाइन सुरक्षितता, पंचेचाळीस मिनिटं, शेवटी प्रश्नमंजूषा. एकच पासवर्ड सगळीकडे लावू नका, कुठलीही लिंक उघडू नका, माहिती ज्याला गरज आहे त्यालाच दाखवा. मागच्या रांगेत दोघं पेंगत होते, त्यांना मुद्दाम उभं करून प्रश्न विचारले. वीस वर्षं हेच काम करतेय. अंगात शाळेतल्या बाई शिरल्यात आता.

सँडीफोर्डहून लुआसची ट्राम, घरी अर्धा तास, की लगेच नंदिनीताईंकडे मंडळाची मीटिंग. दिवाळीच्या फराळाचं ठरलं. यंदा डब्लिनबाहेरही घरपोच द्यायचा. लिमरिक, एनिस, गॉलवे, जमलं तर डंडॉक. "मंजिरी, यादी तू कर. तू त्यातलीच आहेस." मंडळात कॉम्प्युटरवाले खोऱ्याने सापडतील, पण यादी करायला बाईच लागते.

घरी येऊन फॉर्म केला. नाव, फोन, एअरकोड, माणसं किती, तिखट चालेल का, सूचना. एअरकोडचं बरं आहे. इथे प्रत्येक घराचा वेगळा, सात अक्षरं टाकली की नकाशा थेट दारात नेऊन उभं करतो. पहिली ओळ नमुना म्हणून माझीच भरली. सु. म्हणाला, "जन्मवेळ पण विचार, पत्रिका जुळवून टाकू." सुहासशी लग्न होऊन अठरा वर्षं झाली. विनोद तेच आहेत.

७ ऑक्टो., मंगळ.

जेवणाच्या सुट्टीत फोन. नंबर अनोळखी. एनिसहून केतकी म्हणून कोणी. अगदी हळू बोलत होती. शॅननला मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. मंडळाच्या ग्रुपवर नाही, बरोबरच्या मैत्रिणीने फॉर्म पाठवला. फराळ हवा होता, पण आधी विचारायचं होतं.

"ताई, ही माहिती कोणाकोणाला दिसते?"

"फक्त मला."

"नक्की ना?"

"अगं नक्की. माझं कामच ते आहे."

बरं वाटलं मला. हा प्रश्न विचारणारी इतक्या वर्षांत ही पहिली. ऑफिसातल्या त्या दोघांना हिच्याकडे शिकवणीला पाठवायला हवं.

संध्या. तिचा फॉर्म आला. नुसतं केतकी, आडनाव नाही. मोठं एक, लहान एक. करंज्या जास्त. सूचना: बेल वाजवू नये, खाली आल्यावर फोन करावा, दारावर नाव नाही. यादीत एकतिसावी ओळ.

९ ऑक्टो., गुरु.

काम करू देतील तर शपथ. माझी ऑर्डर पोचली का? मी चिवडा लिहिला होता की चकली? एअरकोड चुकला बहुतेक, बघता का जरा? तीनच्या मीटिंगमध्ये फोन टेबलावर थरथरत राहिला, मॅनेजरने दोनदा बघितलं. शेवटी वैतागून यादीचीच लिंक ग्रुपवर टाकली. "आपापली ओळ आपण तपासा आणि मला सोडा." वर हसरा चेहरा.

ग्रुपवर सहाशेच्या वर माणसं आहेत. मिनिटभरात यादीच्या कोपऱ्यात पाहुणे उमटायला लागले. नाव न दाखवता बघणाऱ्याला तिथे एखादा प्राणी मिळतो: कोल्हा, कासव, पाणघोडा. ईराला दाखवलं, दोघी हसलो. मग ती म्हणाली, "मम, सो एनीवन कॅन सी इट?" तेरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर कायम इंग्रजीत. म्हटलं, आपलीच माणसं आहेत गं.

फोन थांबले. शांतपणे जेवले.

१२ ऑक्टो., रवि.

सकाळपासून चर्चच्या पॅरिश हॉलच्या स्वयंपाकघरात. विजेच्या शेगडीवर तळण म्हणजे शिक्षा. चकल्यांचा पहिला घाणा तेलात विरघळला, नंदिनीताईंनी भाजणी आणणारीला सगळ्यांसमोर झाडलं. माझ्याकडे शंकरपाळे.

शेजारी शलाका करंज्या भरत होती. म्हणाली, "एनिसची केतकी बघितलीस यादीत? अमेयची बायको ती. मार्चमध्ये मुलीला घेऊन निघून गेली, कोणाला काही न सांगता. तो बिचारा किती शोधत होता. आणि ही बघ, एनिसला जाऊन बसलीय."

"यादी तू कुठे बघितलीस?"

"तूच टाकलीस की ग्रुपवर."

माझ्या हातातलं कातणं तिथेच थांबलं. विचारलं, अमेय ग्रुपवर आहे का? "म्हणजे काय. गणपतीत पेटी कोण वाजवतं?"

आठवला. उंच, हळू बोलणारा, आरती झाली की न सांगता खुर्च्या उचलून ठेवणारा. सगळ्या बायकांचा लाडका. माझाही.

हॉलच्या बाहेर जाऊन फोनवरूनच लिंक बंद केली. तीन दिवस उघडी होती. किती जणांनी उतरवून घेतली, किती जणांनी फोटो काढला, कळायला मार्ग नाही. कोल्हा कोण आणि कासव कोण, याची कुठेही नोंद नसते. हे मला इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत आहे.

आत येऊन उरलेले शंकरपाळे तळले. कोणीतरी म्हणालं, जरा जास्तच लाल झाले.

१४ ऑक्टो., मंगळ.

ऑफिसात मी काय शिकवते? माहिती बाहेर गेली की ज्याची गेली त्याला सांगा. लगेच सांगा. वर कळवायला बहात्तर तास, त्याच्या आत. माझी स्लाइड आहे तशी, लाल अक्षरांत.

के.ला मेसेज लिहिला. "नमस्कार, एक छोटीशी चूक झाली आहे." पुसला. छोटीशी काढून परत लिहिला. पुसला.

सु.ला सांगितलं. म्हणाला, "लिंक बंद केलीस ना? मग तिला उगाच कशाला घाबरवतेस. त्याने बघितलीच असेल असं कुठाय?" मला हेच ऐकायचं होतं, म्हणून तर त्याला विचारलं. शनिवारी एनिसचा फराळ मीच घेऊन जाणार आहे. समोर बसून सांगेन, असलं फोनवर बरं नाही दिसत.

खरं कारण ते नाही. लाज वाटते. "माझं कामच ते आहे," म्हटलं होतं मी तिला.

१८ ऑक्टो., शनि.

लिमरिक आटपून एनिसला दीड वाजता. सु. गाडीत थांबला. खाली उभं राहून फोन केला, के. जिना उतरून आली. वाटलं होतं त्याहून लहान, तीस-एकतीसची. डबा घेतला आणि एकदम म्हणाली, "वर येता? चहा टाकते. सहा महिन्यांत घरी कोणी आलं नाहीये."

दोन खोल्या. पडदे भर दुपारी ओढलेले. भिंतीवर फोटो नाही. सई चार वर्षांची. माझ्याकडे बघून म्हणाली, "आर यू द करंजी लेडी?" बोलणं पक्कं इथल्या क्लेअर काउंटीचं. लगेच एक करंजी घेऊन टेबलाखाली गेली.

के. आपणहून बोलायला लागली. मी काही विचारलं नव्हतं. घरातले सगळे फोन त्याच्या नावावर. ही दुकानात गेली की पाच मिनिटांत त्याचा फोन: "उजवीकडच्या दुकानात का गेलीस? टोमॅटो तर डावीकडे मिळतात." दाराच्या कॅमेऱ्यातून ऑफिसात बसून बघायचा, कोण आलं, किती वेळ थांबलं. हिचे मेसेज हिच्या आधी त्याने वाचलेले. "हात दोनदाच उचलला, ताई. बाकी सगळं फोनवरून."

निघताना फोन घरातच ठेवला. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर नवा ईमेल काढला, मग नवा नंबर. त्याने हिच्या किंवा घराच्या जवळ यायचं नाही असा कोर्टाचा आदेश आहे, त्यात हिचा पत्ता दाखवलेला नाही. "आईलापण सांगितलेलं नाही. तो आईशी अजून गोड बोलतो. ती साधी आहे, बोलून जाईल. हा पत्ता कामावर, सईच्या क्रेशमध्ये आणि आता तुमच्याकडे. बस."

शब्द अगदी ओठांवर आले होते. सई टेबलाखालून बाहेर आली, तोंडाला सगळं सारण. के. हसली. बऱ्याच दिवसांनी हसत असावी, हसून झाल्यावर जरा गोंधळल्यासारखी झाली. मी चहा संपवला. कप विसळून ठेवला. निघाले.

गाडीत सु.ने विचारलं, "सांगितलंस?"

"हो."

इतकं सोपं असतं खोटं बोलणं, मला माहीत नव्हतं.

२० ऑक्टो., सोम. नरकचतुर्दशी

उटणं लावून सगळ्यांच्या आंघोळी सहाला. ईरा कुरकुरत, शाळा आहे म्हणून. मीही नेहमीच्या लुआसने. आठ चाळीसला मेसेज. अमेयचा.

"शुभ दीपावली मंजिरीताई. यंदाचा फराळ अप्रतिम झाला असं ऐकतोय. एनिसलाही पोचला ना? सईला करंज्या फार आवडतात, म्हणून विचारलं." पुढे जोडलेले हात.

दोन थांबे आधीच उतरले. का, सांगता येणार नाही. प्लॅटफॉर्मवर उभी राहून के.ला फोन. शिफ्टवर होती. दहा वाजून गेल्यावर तिचा आला, मागे यंत्रांचा आवाज. सगळं सांगितलं. यादी, लिंक, ग्रुप, मेसेज.

"किती दिवस उघडी होती?"

"नऊ ते बारा."

"तुम्हाला कधी कळलं?"

"बाराला."

"तुम्ही अठराला माझ्याकडे आलात."

"हो."

"चहा घेतलात."

  मागे यंत्रं चालूच होती. मग म्हणाली, "सईला क्रेशमधून आणायला निघते," आणि ठेवला. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटावं अशी तिच्यावर सक्ती नाही.

संध्या. सु.ला सांगितलं की शनिवारी खोटं बोलले. तो पणत्यांत तेल घालत होता. म्हणाला, "मला तरी खोटं कशाला?" 

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन

के. तिकडच्या गार्डांकडे, म्हणजे पोलिसांकडे गेली, मी आमच्या इथल्या स्टेशनात. काउंटरला तरुण बाई. मेसेज दाखवला, भाषांतर करून सांगितलं. तिने लिहून घेतलं. "सो युअर मॅन इज आस्किंग अबाउट द पेस्ट्रीज?" 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत नुसतं 'तो माणूस'; चेष्टा नव्हती, ती समजून घेत होती. म्हटलं, तो करंज्यांचं विचारत नाहीये. मला कळलंय, एवढं कळवतोय. आणि ते तिला माझ्याकडून कळावं, हेही त्याला हवंय.

"आय बिलीव्ह यू," ती म्हणाली. "बट ही हॅजन्ट गॉन निअर हर, हॅज ही?"

नाही. अजून गेलेला नाही. गेला की मग. माझी तक्रार तिच्यावर नाही, तिने नोंद नीट केली, नाव-नंबर लिहून दिला, के.च्या घराजवळच्या स्टेशनला कळवते म्हणाली. पण नोंद म्हणजे कागद.

घरी पूजा केली. लक्ष्मीसमोर बसून डोक्यात ओळ एकतीस.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज

ग्रुपवर लिहायला घेतलं: ज्यांनी यादी उतरवून घेतली त्यांनी कृपया पुसून टाकावी, एका व्यक्तीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. सु.ने पाठीमागून वाचलं आणि हात धरला. "हे टाकलंस की पहिल्या तासात सहाशे जण त्या यादीत शोधायला लागतील, कोण ती व्यक्ती. ज्यांनी बघितली नव्हती तेही." बरोबर होतं. जाहीर माफीसुद्धा मागता येत नाही मला. तीही तिच्याच जिवावर.

मग एकेकीला फोन. उगाच दुसऱ्या निमित्ताने: यादीत चुका आहेत, तुमच्याकडची जुनी असेल तर काढून टाका. सगळ्यांचं एकच उत्तर, अगं असू दे, फोनमध्ये पडलीय कुठेतरी. त्यातल्या तिघींनी यादी पुढे लिमरिकच्या ग्रुपलाही पाठवली होती. चांगल्या हेतूने. आपली माणसं तिथे कोण आहेत ते कळावं म्हणून.

नंदिनीताईंना मात्र खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडायचं? आणि तो मुलगा तसा नाही गं. माझं घर बदलताना दोन दिवस राबला." मी म्हटलं, नंदिनीताई, तुमच्या घराचा आणि याचा काय संबंध. त्यांना राग आला. येऊ दे. पंधरा दिवसांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं, राग त्याचा जास्त आहे.

२४ ऑक्टो., शुक्र.

के.चा मेसेज, दोन ओळी. कामावरून घरी आली तर दाराशी खोकं. आकाशकंदील, सईच्या नावाने, पाठवणाऱ्याचं नाव नाही.

फोन केला, उचलला. दुकानातून परस्पर आलाय, गार्डा म्हणाले फोटो काढा, जपून ठेवा. सईला वाटतंय आईनेच मागवला, लावू या म्हणून मागे लागलीय. के.चा आवाज कोरडा. म्हणाली, "कंदील लावला की खालून दिसतं ना ताई, कुठली खिडकी ते."

म्हटलं, तुम्ही दोघी आत्ताच्या आत्ता आमच्याकडे या. ईराची खोली रिकामी करते.

"तुमच्याकडे? मैत्रिणीने दाखवली ती यादी, त्यातली पहिली ओळ तुमचीच आहे."

होती. मीच भरली होती, नमुना म्हणून.

२८ ऑक्टो., मंगळ.

रजा टाकून एनिसला. परवा तिनेच फोन केला होता. बायकांच्या निवाऱ्यात जागा मिळाली आहे, बुधवारी हलायचं. कुठे, ते सांगणार नाही आणि मी विचारू नये. जायच्या आधी एकच काम माझ्याकडून हवं: तिच्या फोनमधून, खात्यांमधून कुठूनही माग लागणार नाही असं करून द्यायचं. "तुम्हाला ते येतं. आवडतं म्हणून नाही बोलावत."

स्वयंपाकघरात बसून साडेचार तास. एकेक खातं उघडून. क्रेशच्या ॲपमध्ये दुसरा पालक म्हणून त्याचा ईमेल अजून होता, तिने काढायला सांगितलं होतं, कोणीतरी विसरलेलं. दुकानाचं पॉइंटांचं कार्ड जुन्या पत्त्याच्या खात्याला. एका ॲपला लोकेशन चालू, कशासाठी तर पावसाचा अंदाज. सगळं बंद केलं. ती कागदावर एकेक खूण करत गेली. मुद्देसूद आहे, माझ्या टीममध्ये असती तर मला फार आवडलं असतं.

मग मी विचारलं, सईचं काही? टॅब वगैरे?

"एक जुना आहे. वरच्या प्रेसमध्ये. बंदच असतो."

खुर्चीवर चढून कपाटातून काढला. चार्ज केला. खातं त्याचं, म्हणजे टॅब नेटला जोडला की कुठे आहे ते त्याला त्याच्या फोनवर दिसू शकतं. निघाली तेव्हा सईच्या खेळण्यांच्या पिशवीत आला असणार. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सई तापाने पडली होती तेव्हा के.ने दोन दिवस लावून दिला होता, घरच्या वायफायवर. कार्टून उतरवलेली होती, बाकी काही नाही, असं तिला वाटलं. शेवटचा ऑनलाइन २ ऑक्टोबर.

माझ्या यादीच्या आठवडाभर आधी.

म्हणजे त्याला तेव्हाच कळलेलं असू शकतं. किंवा त्याने बघितलंच नसेल आणि यादीतून कळलं असेल. दोन्ही शक्य. टॅबवरून ठरवता येत नाही, मी वीस मिनिटं सगळं उलटंपालटं करून बघितलं. मान वर केली तर के. माझ्याकडेच बघत होती.

"बरं वाटलं ना तुम्हाला?"

"नाही गं, मी फक्त..."

"चेहऱ्यावर दिसलं, ताई."

वाटलं होतं. अंगावरून ओझं उतरल्यासारखं, क्षणभर. ती उद्या पोरीला घेऊन पुन्हा घर बदलणार आणि मी सुटले म्हणून खूश. इथे लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत नाही.

निघताना म्हणाली, "आता माझा नंबर काढा. मेसेजपण. माझ्यासमोर." काढला. तिने फोन हातात घेऊन तपासला, डिलीट केलेल्यांचा कप्पासुद्धा. "नवीन देणार नाही. राग म्हणून नाही. कोणाकडेच नको." सई दारात उभी राहून "बाय, करंजी लेडी" म्हणाली. मी हात हलवला. एनिसच्या बाहेर पडल्यावर पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि रडले.

८ नोव्हें., शनि.

मंडळाचं दिवाळी स्नेहसंमेलन. जायचं नव्हतं. ईराचा नाच होता.

तो होता. पेटी वाजवली. जेवणाच्या रांगेत माझ्या मागे येऊन उभा राहिला, हातात ताट. नेहमीसारखा हळू आवाज.

"ताई, मागच्या रविवारी एनिसवरून जात होतो. खाली गाडी लावून जरा वेळ बघितलं. वर उजेड नाही. पडदेपण गेलेत. कुठे हलल्या काही कल्पना?"

शेजारी शलाका श्रीखंड वाढत होती, तिला ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी काय. बाप आहे, मुलीची चौकशी करतोय.

"मला माहीत नाही," म्हटलं. ते खरं होतं. महिनाभरात पहिल्यांदा कोणाच्या डोळ्यांत बघून खरं बोलले.

"असं कसं. सगळ्यांची यादी तुमच्याकडे असते ना." हसला. माझ्या ताटात पापड नव्हता, त्याने स्वतःच्या ताटातला उचलून ठेवला. मी ताट तसंच टेबलावर ठेवून बाहेर आले.  तो बोलला ते शब्दन् शब्द फोनवर नाही, संमेलनाच्या तिकिटाच्या पाठीवर पेनने लिहून घेतलं.

घरी येताना सु. म्हणाला, "कोर्टाने मना केलेल्या जागी तो गेला होता, हे त्याने स्वतः तुला सांगितलंय." हो. मलाच सांगितलंय. दुसऱ्या कोणालाही नाही.

११ नोव्हें., मंगळ.

स्टेशन. तीच तरुण बाई. या वेळी आतल्या खोलीत बसवलं, चहा दिला. माझा जबाब टाइप केला, वाचून दाखवला. बरोबर होता.

मग पेन खाली ठेवून तिने समजावलं. सही केली तर प्रकरण उभं राहू शकतं. पण तो नाही म्हणेल, आणि तुमचा शब्द विरुद्ध त्याचा शब्द होईल. तुमचं नाव त्याच्या वकिलाकडे जाईल. केतकीला कळवावं लागेल, कदाचित तिला कोर्टात यावं लागेल, तो समोर बसलेला असेल. सध्या ती सुरक्षित आहे असं दिसतं. सही नाही केली तर तो तिथे गेला होता हे कुठेही लिहिलेलं नसेल, आणि पुढच्या वेळी आम्ही परत पहिल्यापासून सुरुवात करू. "हॅव अ थिंक. थर्सडे इज ग्रँड." म्हणजे गुरुवारी सांगितलं तरी चालेल.

लुआसमध्ये बसून विचार केला. घरी येऊन केला. सु. म्हणतो, सही कर. ईरा म्हणते, "इट्स नॉट युअर कॉल, मम." ईराचं बरोबर आहे. मागच्या वेळी मी के.च्या वतीने ठरवलं, आधी सगळ्यांना दाखवायचं आणि मग तिला न सांगायचं. हे परत तिला न विचारता ठरवायचं नाही.

म्हणून तिला विचारायचं ठरवलं. ती बाई निरोप पोचवू शकली असती, पण तिने विचारलं असतं तर ते पोलिसांनी विचारणं झालं असतं. मला स्वतः विचारायचं होतं. कॉम्प्युटर उघडला. त्या भागातले निवारे शोधले. जवळच्या तीन गावांतले नंबर एका कागदावर लिहिले. शॅननपासून रोज कामाला जाता येईल इतकी अंतरं, कुठल्या गावात चार वर्षांच्या मुलीला क्रेश मिळेल, कुठे बस आहे, हे सगळं बघितलं. एक गाव मागे पडलं, दोन उरली. मी या कामात चांगली आहे, पाऊण तासही लागला नाही. पहिला नंबर फिरवला, पलीकडून एका बाईने नम्रपणे माझं नाव विचारलं, आणि तेव्हा लक्षात आलं की गेला पाऊण तास मी तेच करतेय जे तो करतोय.

काही न बोलता ठेवून दिला. त्यांच्याकडे आता एक निनावी फोन नोंदलेला असेल. ते तिला सांगतील. तिला वाटेल, तोच.

कागद फाडला. दोन गावांची नावं डोक्यातून जात नाहीत. गुरुवार परवा.